जुन्या गाण्यांचे मोठेपण आणि नव्या गळ्यांचे उपकार

जुनी तबकडी, रामबाग

परवा आपल्या या इंदूरकरांच्या गटावर एका तरुण सभासदाने लिहिले की जुनी गाणी टिकली ती गुणांमुळे नव्हे, तर साठी उलटलेल्या माणसांना ती ऐकताना आपले तारुण्य आठवते म्हणून. आणि आज ती जिवंत आहेत ती मोबाइलवर कव्हर, म्हणजे तीच गाणी आपल्या गळ्यातून, गाणाऱ्या मुलामुलींच्या कृपेने. त्या मजकुराला चाळीसेक लोकांनी पसंती दिली. दोन दिवस मी गप्प बसलो, तिसऱ्या दिवशी राहवेना.

माझी नात सोळा वर्षांची आहे. 1969 सालचे गाणे ती दिवसातून चार वेळा ऐकते, तेव्हा तिला कोणाचे तारुण्य आठवते, हे कोणी सांगेल काय? जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. तेवढ्यात मुखडा, अंतरे, मधले वाद्यसंगीत असा सगळा संसार मांडायचा, त्यामुळे एकही सूर फुकट ठेवण्याची सोय नव्हती. आणि गायक-वादक एकाच वेळी वाजवत-गात असल्यामुळे शेवटच्या ओळीत एखादा व्हायोलिनवाला चुकला तरी सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. आजचे कव्हर म्हणजे मूळ लय निम्मी करायची, गिटारचे चार कॉर्ड धरायचे आणि डोळे मिटून प्रत्येक शब्दाआधी ऐकू येईल असा श्वास घ्यायचा. गेल्या आठवड्यात एक कव्हर ऐकले. त्यात अंतऱ्याच्या शेवटी जी बारीक मुरकी, म्हणजे झरकन घेतलेली सुरांची नक्षी, गाण्याला अलगद मुखड्यावर आणून सोडते, नेमकी तीच गाळलेली होती. जिन्याची शेवटची पायरी काढून टाकल्यावर माणूस जसा धाडकन खाली येतो, तसा मुखडा येऊन आदळला. ज्यांचा जन्म 1929 साली याच इंदूरच्या शीख मोहल्ल्यात झाला, त्या लता मंगेशकरांची ती मुरकी होती. निदान इंदूरकराने तरी ती गाळू नये.

कॅसेटयुग, सुदामानगर

काका, आपल्या घरी तबकड्या होत्या, आमच्या घरी हप्त्यावर घेतलेला टेपरेकॉर्डर होता. मूळ कॅसेट आम्हाला परवडत नसे. तीच गाणी दुसऱ्या गळ्यातून गाऊन घेतलेल्या व्हर्जन कॅसेट मात्र बऱ्याच स्वस्त पडत आणि वडील पगाराच्या दिवशी एखादी आणत. वेष्टनावर रफीसाहेबांचा हसरा चेहरा ठसठशीत असे आणि गाणाऱ्याचे नाव मुंगीएवढे, त्यामुळे मी नववीपर्यंत त्या दुसऱ्या गायकालाच रफी समजत होतो. एके दिवशी मावशीकडे रेडिओवर खरे गाणे लागले आणि मी मोठ्याने विचारले, "रफीची नक्कल करणारा हा कोण?" मावशीने रेडिओ बंद केला, माझ्याकडे पाहिले आणि माझ्या बशीतल्या पोह्यांवर घालायची शेव तशीच डब्यात परत टाकली.

सांगायचे ते असे की ज्याला जे पहिल्यांदा भेटले, तेच त्याचे मूळ. माझ्या कानाला आजही त्या गाण्यांत बासरीच्या जागी कीबोर्डची पिपाणी हवी असते, याची मला लाज वाटते, पण ते खरे आहे. शिवाय नकलेला इतके तुच्छ कशाला लेखायचे? मुकेश यांचे 1945 साली गाजलेले पहिले गाणे ऐका, सैगलच गात आहेत असे वाटते. आपल्या खंडव्याचे किशोरकुमार सुरुवातीला सैगलच्याच वाटेने चालले होते. सोनू निगम रफींची गाणी गात गातच पुढे आले. यांना कोणी पहिल्याच दिवशी "मुरकी गाळलीस, घरी जा" असे बजावले असते, तर आपण आज कोणाची गाणी ऐकत बसलो असतो?

नारायणबागेतली गाणारी

मी तीस वर्षे गाणे शिकवते आहे, म्हणून दोघांच्याही मधे बोलण्याचा आगाऊपणा करते. नक्कल वेगळी आणि फेरमांडणी वेगळी. आपण दोन्हींना कव्हर म्हणतो आणि मग भांडतो. नाट्यसंगीतात तर "मूळ गायकानेच गावे" असे कोणी कधी म्हटलेच नाही. इथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर देवासला कुमार गंधर्व राहत होते. बालगंधर्वांची पदे त्यांनी आपल्या पद्धतीने मांडली आणि त्या कार्यक्रमाला नाव दिले 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्या 'मला उमजलेले' या दोन शब्दांत कव्हर या प्रकाराचे सगळे शास्त्र आले. आमचे वडील बालगंधर्वांचे कट्टर भक्त होते. ते ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकून ते उठून अंगणात गेले आणि तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घालून आले. पुढे तेच ध्वनिमुद्रण ते रोज सकाळी लावत, पण आवडले असे मात्र अखेरपर्यंत म्हणाले नाहीत.

गीतरामायणाचेही तसेच आहे. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले, तेव्हा त्यातली 56 गीते माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशा किती तरी जणांनी वाटून गायली होती. आज घराघरांत वाजते ते एकट्या सुधीर फडक्यांच्या आवाजातले. म्हणजे मूळ प्रक्षेपण मागे पडले आणि नंतरचे गायन मूळ होऊन बसले. पाश्चात्त्य पॉपमधले उदाहरण हवे असेल, तर 'रिस्पेक्ट' हे गाणे ओटिस रेडिंगने 1965 साली स्वतः लिहून गायले. कामावरून दमून घरी येणाऱ्या पुरुषाची ती मागणी होती. दोनच वर्षांनी अरेथा फ्रँकलिनने ते गायले आणि तीच मागणी बाईच्या तोंडी आल्याबरोबर गाण्याचा अर्थ उलटा झाला. आज ते अरेथाचेच गाणे मानले जाते.

जुनी तबकडी, रामबाग

बाई, आपला अधिकार मान्य आहे, पण कुमारजींच्या पालखीत या चार कॉर्डवाल्यांना बसवू नका. कुमारजींनी पदे बदलली ती बालगंधर्व कोळून प्यायल्यानंतर; या मुलांनी अजून पेल्याला हातही लावलेला नाही. आणि बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, गीतरामायणाचे संगीतकारच होते. स्वतःच्या चालीवर स्वतः गाणे याला कव्हर म्हणायचे, तर उद्या आईने पुन्हा केलेल्या पुरणपोळीलाही आपण कव्हर म्हणाल. अरेथाबाईंचे उदाहरण मात्र चोख आहे. ते मी ऐकले आणि नाइलाजाने दुसऱ्यांदाही ऐकले.

अकॉर्डियनवाला

इतके मोठमोठे लेख झाले, पण एकाही महाभागाला वादकांची आठवण झाली नाही. आपण 1969 सालच्या गाण्याचा उल्लेख केलात. 'रूप तेरा मस्ताना' त्याच वर्षीच्या 'आराधना'मधले. त्यातले अकॉर्डियन काढा आणि मग किशोरदांचा नुसता आवाज ऐका. निम्मी रात्र विझून जाईल. ते केर्सी लॉर्ड यांनी वाजवले होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतले व्हायोलिनांचे ताफे बांधणारे सेबास्टियन डिसूझा, पंचमदांकडचे (राहुलदेव बर्मन यांच्याकडचे) सॅक्सोफोनवाले मनोहारी सिंग, ही नावे किती इंदूरकरांना ठाऊक आहेत? टिकली ती यांची बोटे, आणि आपले वाद चालले आहेत मुरक्यांचे.

मी या शहरात बावीस वर्षे ऑर्केस्ट्रात वाजवले. गणपतीचे दहा दिवस आम्हाला झोप नसे. रामबागेत एक कार्यक्रम संपवून गाडीवर पेटी बांधायची आणि लोकमान्यनगरात पुढचा गाठायचा. मग गायकाचा आवाज वगळून नुसते वाद्यसंगीत असलेले ट्रॅक आले. बारा वादकांचे काम एका पेनड्राइव्हमध्ये गेले आणि आता गल्लोगल्ली कराओके क्लब निघाले आहेत, जिथे निवृत्त मंडळी वर्गणी भरून एकमेकांना गाणी ऐकवतात आणि एकमेकांनाच टाळ्या देतात. गाणे आपल्या पट्टीत बसत नसेल, तर यंत्रावर बटण दाबून ट्रॅक दोन पट्ट्या खाली ओढतात. मग सारंगी घसा बसल्यासारखी वाजते, पण ऐकतो कोण?

एका लग्नात मला बोलावले होते. ठरवलेली बिदागी मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. व्यवस्थापक म्हणाला, "दादा, ट्रॅक वाजेल, तुम्ही अकॉर्डियन घेऊन बसा, फोटोत छान दिसते." मी दोन तास बसलो. भात्याचा पट्टा मी सोडलाच नव्हता. भाता बंद, बोटे पट्ट्यांवर फिरत आहेत आणि समोरचे लोक माझ्याकडे पाहून मान डोलावत आहेत. चारशे माणसांत एकालाही कळले नाही की बंद भात्यातून आवाज येऊ शकत नाही.

संध्याकाळचा माइक

मी अशाच एका कराओके क्लबचा सभासद आहे आणि वरचा मजकूर मला लागला. पत्नी गेल्यानंतर आठ महिने मी संध्याकाळी सहा वाजता दिवा न लावता बसत असे. मुलगा पुण्याला, मुलगी परदेशात. शेजाऱ्याने ओढून क्लबात नेले. तिथे मी पहिल्यांदा गायलो तेव्हा दुसऱ्या अंतऱ्यात माझा आवाज फुटला आणि तरीही समोरच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या खोट्या होत्या, हे मला कळत होते, पण अकॉर्डियनवाले, त्या दिवसापासून मी संध्याकाळी दिवा लावतो. आपल्या ऑर्केस्ट्राच्या वैभवाच्या काळात माझ्यासारख्याला एकदा तरी माइक मिळाला होता काय? आपल्या मंचावर निळा कोट घालून 'व्हॉइस ऑफ किशोर' आणि 'व्हॉइस ऑफ मुकेश' गात होते. तेही कव्हरच होते. आणि त्या तिकिटांच्या पैशांतून केर्सी लॉर्ड यांच्या घरी आपण किती रुपये पाठवलेत, तेवढे जाहीर करावे.

अकॉर्डियनवाला

एकही नाही. पण आम्ही निदान वाजवत तरी होतो.

काळा कोट

विषय पैशांवर आलाच आहे, तर थोडा कायदा सांगतो. 1957 चा आपला कॉपीराइट कायदा काही अटींवर अशी दुसरी ध्वनिमुद्रणे करू देत असे आणि त्याच सवलतीवर व्हर्जन कॅसेटचा बाजार उभा राहिला. 2012 च्या दुरुस्तीने ती वाट बरीच अरुंद झाली. मूळ ध्वनिमुद्रण झाले ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षे कव्हर काढता येत नाही, दर वर्षी किमान 50,000 प्रतींचे मानधन (रॉयल्टी) भरावे लागते आणि वेष्टनावर आधीच्या गायकाचे नाव किंवा चित्र देता येत नाही. उलट हे कव्हर आहे असे छापावे लागते. हे कलम आधी असते, तर कॅसेटयुग यांच्या पोह्यांवर शेव पडली असती.

गीतकार आणि संगीतकारांचा मानधनातला वाटाही याच दुरुस्तीने पक्का झाला. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी जोर लावला होता. गायकांच्या हक्काचे भांडण त्याहून जुने आहे. साठच्या दशकात लताबाईंचे म्हणणे होते की तबकडीच्या विक्रीत गायकाला वाटा मिळावा आणि रफीसाहेबांचे म्हणणे होते की गाण्याचे पैसे घेतले, हक्क संपला. त्यावरून काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. माझ्या मते यात रफीसाहेब चूक होते आणि हे लिहिल्याबद्दल आता मला शिव्या पडतील.

तिकडे डॉली पार्टन यांचे 1974 सालचे एक गाणे एल्व्हिस प्रेस्ली गाणार होते. त्यांच्या व्यवस्थापकाने प्रकाशनहक्कांतला निम्मा वाटा मागितला. बाईंनी नकार दिला आणि आपण रात्रभर रडलो, असे पुढे स्वतःच सांगितले. 1992 साली विटनी ह्यूस्टन यांनी तेच गाणे एका चित्रपटासाठी गायले आणि ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 14 आठवडे अव्वल राहिले. हक्क पार्टनबाईंकडे शाबूत होते. कव्हर चांगले की वाईट, हा प्रश्न अशा वेळी फारसा छळत नाही.

अकॉर्डियनवाला

वकीलसाहेब, यात वादक कुठे आहे?

काळा कोट

कायद्यातील 'कलावंता'च्या व्याख्येत वादकही आहे. कागदावर आहे, एवढेच सांगू शकतो.

कॅसेटयुग, सुदामानगर

रफीसाहेब चूक होते म्हणे! वकीलसाहेब, विक्रीतला वाटा न मागता गाणारा माणूस चूक ठरवायला आपलेच क्षेत्र हवे.

बाविशीतली, लोकमान्यनगर

ज्यावरून हे सगळे पेटले, तो मजकूर माझा होता. मी सभासद नसून सभासदा आहे, हेही काकांनी लक्षात घ्यावे. 'केवळ तारुण्याची आठवण' हे मी चिडून लिहिले होते, कारण त्या आठवड्यात घरी तिसऱ्यांदा मला सांगितले गेले होते की आमच्या पिढीला कान नाहीत. काकांची नात 1969 चे गाणे ऐकते हे वाचून माझा मुद्दा पडला, हे मान्य आहे. माझ्या पिढीतलीच मुलगी साक्षीला आणल्याबद्दल आभार. पण तिला ते गाणे पहिल्यांदा कुठे भेटले, तेवढे विचारून सांगावे. मला तरी माझ्या आवडीची बहुतेक जुनी गाणी कोणाच्या तरी खोलीत केलेल्या कव्हरमधून भेटली आणि मग मी मुळाकडे गेले.

आणखी एक. गेल्या आठवड्यात अंतऱ्याच्या शेवटची मुरकी गाळलेले जे कव्हर काकांनी ऐकले, ते माझेच असावे. ती मुरकी मी फेरमांडणी म्हणून गाळली नाही. ती मला जमली नाही. सत्तावीस वेळा प्रयत्न केला आणि अठ्ठाविसाव्या वेळी गाळली.

जुनी तबकडी, रामबाग

नातीला विचारले. "कव्हरमधून," असे म्हणाली. त्या उत्तरावर मी काही लिहिणार नाही.

मुरकी जमत नसेल, तर तसे आधीच लिहायचे होते. मी जिन्याचे उदाहरण दिले नसते. आपण ती चार सुरांची समजत आहात. ती पाच सुरांची आहे आणि तिसरा सूर नुसता शिवून सोडायचा आहे, त्यावर उभे राहायचे नाही. लय निम्मी करा, पेटीवर वाजवा, मग गा. कव्हर या प्रकाराबद्दलचे माझे मत बदललेले नाही.

नारायणबागेतली गाणारी

पाचच आहेत. तिसरा कोमल आहे, हे सांगायचे ते विसरले.

संध्याकाळचा माइक

अकॉर्डियनवाले, आमच्या क्लबात गुरुवारी 'आराधना'ची गाणी आहेत. ट्रॅक बंद ठेवून आपण वाजवाल काय? टोमणा नाही, विचारतो आहे.

अकॉर्डियनवाला

बिदागी घेईन. पट्टी खाली उतरवणार नाही. आवाज फुटला तर फुटू द्या. आणि फोटो काढायचा असेल, तर भाता उघडा असताना काढा.