हिपॅटायटिस बी: विषाणूचा जीनोटाइप तपासून फायदा कोणाला?

रानवाटा:
यकृताला लागण करणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू सगळीकडे एकसारखा नाही; त्याचे जनुकीय प्रकार, म्हणजे जीनोटाइप, आहेत. बी आणि सी हे जीनोटाइप पूर्व आशियात, डी भूमध्य समुद्रापासून भारतापर्यंत, ई पश्चिम आफ्रिकेत, एफ दक्षिण अमेरिकेत. माणसं जिथे गेली तिथे तोही गेला. (ई मात्र अटलांटिकपार नेलेल्या गुलामांच्या वंशजांत क्वचितच सापडतो. तो अलीकडेच पसरला असावा, असं म्हणतात.) माझं मत स्पष्ट आहे: जुनाट संसर्ग असलेल्या प्रत्येकाचा जीनोटाइप तपासावा. इंटरफेरॉन या औषधाच्या इंजेक्शनांना ए प्रकार डीपेक्षा चांगली दाद देतो. मग अंदाजपंचे उपचार कशाला?

शंकेखोर:
अंदाजपंचे कुठे? आता बहुतेकांना टेनोफोविर किंवा एंटेकाविरची गोळी देतात, ती जीनोटाइप विचारत नाही. लसही विचारत नाही. २०२२ मध्ये जगात २५.४ कोटी लोकांना जुनाट संसर्ग होता आणि त्यातल्या जेमतेम १३ टक्क्यांचं निदान झालं होतं. आधी संसर्ग आहे की नाही हे सांगणारी साधी एचबीएसएजी रक्ततपासणी होऊ द्या, नकाशे रंगवायला मागाहून बसू.

निळी शाई:
रंगकाम म्हणून झटकू नका हो. सी प्रकारात रक्तातलं ई-अँटिजेन (विषाणू जोमाने वाढत असल्याची खूण असलेलं प्रथिन; ई जीनोटाइपशी संबंध नाही) जायला इतरांपेक्षा कितीतरी वर्षं जास्त लागतात. म्हणजे ऐन बाळंतपणाच्या वयात बाईच्या रक्तात विषाणू खच्चून भरलेला, आणि बाळंत होताना तो बाळाकडे जातो. तान्ह्या बाळाला लागण झाली की दहातल्या नऊ जणांत तो मुक्काम ठोकतो, मोठेपणी झाली तर शंभरात पाचांतही नाही. पूर्व आशियात तो पिढ्यानपिढ्या का टिकला, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. आफ्रिकेत लहान मुलांची एकमेकांना लागण जास्त: खरचटलेले गुडघे, उघड्या जखमा. शरीराबाहेर हा विषाणू सात दिवस तग धरतो.

शंकेखोर:
कारण पटलं. उपाय बदलला का? दोन्हीकडे जन्मल्यापासून २४ तासांच्या आत मांडीत लस, पुढचे डोस वेळेवर. तैवानने १९८४ मध्ये संसर्ग असलेल्या आयांच्या बाळांपासून सुरुवात केली, १९८६ पासून सगळ्याच नवजातांना लस दिली. मुलांमधला यकृताचा कॅन्सर घटला. आणि जीनोटाइपची वर्गवारी मांडली गेली कधी? १९८८ मध्ये!

रानवाटा:
हे वर्मी लागलं. 'प्रत्येकाचा' हा शब्द मागे घेतो. गरोदर बाईचा व्हायरल लोड, म्हणजे दर मिलिलिटरमागे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दोन लाखांवर असेल तर टेनोफोविर देतात, तिथेही आकडा पुरतो. पण एकाच सुईने अनेकांना लागण झाली तर मूळ शोधायला जीनोटाइप लागेलच ना?

निळी शाई:
आता मीच तुमच्या विरोधात जाते. जिथे जवळपास सगळ्यांचा डीच निघतो, तिथे दोघांचा डी जुळला तर काय कळलं? वेगळा निघाला तर एक संशयित सुटेल, एवढंच. जुळणी सिद्ध करायला विषाणूच्या जनुकीय अक्षरांचा पूर्ण क्रम वाचावा लागतो. साधारण ३,२०० अक्षरं आहेत, फार नाहीत.