केस उपटायची सवय : संमोहन उपचार कोणी घेतलेत का? (तातडीचं)

खिडकीपाशी :
संमोहनाने केस उपटायची सवय जाते का? पुण्यात कोथरूड-कर्वेनगर भागात चांगलं कोण करतं? एका बैठकीचे किती घेतात, बैठका किती लागतात? माझ्याकडे २२ दिवस आहेत. एका ठिकाणी फोन केला तर म्हणाले सहा बैठकांचं पॅकेज, १८ हजार आगाऊ, गुण खात्रीने येणार. भरू का? उद्यापर्यंत सांगायचंय त्यांना.
"मन खंबीर कर" वगैरे नको प्लीज, ते घरी फुकट मिळतं.

पोहेवाला :
कोणाचे केस? वय किती? डोक्याचे, की भुवया-पापण्यांचे? कधीपासून? आणि २२ दिवसांनी काय आहे? एवढं तरी लिहा हो.

मधुमालती :
लहान मुली करतात असं, माझी भाची करायची. मुलीला अजिबात ओरडू नका. माक्याचा रस आणि जास्वंदीची फुलं खोबरेल तेलात लोखंडी कढईत मंद आचेवर कढवा, रस आटला की गाळून घ्या. रोज रात्री चोळा. चाई पडली होती तिथेसुद्धा केस आले तिला.

पोहेवाला :
मधुमालती, मुलगी आहे असं कुठे लिहिलंय? आणि चाईत केस आपोआप जातात, इथे हाताने उपटले जातायत. तेलाने हात कसा थांबेल?

मधुमालती :
तेलकट केस बोटातून निसटतात. करून बघा मग बोला.

रोखठोक :
"१८ हजार आगाऊ" आणि "खात्रीने" एका वाक्यात आले की फोन ठेवायचा. तिसऱ्या बैठकीत पूर्वजन्म निघेल, त्याचे वेगळे पैसे. संमोहन म्हणजे गणपतीत मंडळासमोर स्टेजवर बोलावून कच्चा बटाटा सफरचंद म्हणून खायला लावतात तो प्रकार. आमच्या वर्गातल्या एकाने खाल्ला होता. नंतर म्हणाला, सगळे बघत होते म्हणून खाल्ला.

जुना_डोंबिवलीकर :
रोखठोक, अनुभव नसताना बोलू नये. मी सिगरेटसाठी घेतलंय. झोपवत बिपवत नाहीत. खुर्चीत बसवतात, श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतात, मग पायऱ्या उतरतोय अशी कल्पना करायची. बाहेरच्या रिक्षाचा हॉर्नही ऐकू येत होता मला. सुटली ना सिगरेट! चार महिने हात लावला नाही. पुढे ऑफिसच्या टेन्शनमुळे परत लागली, पण तो काही उपचाराचा दोष नाही.

रोखठोक :
मग कोणाचा, ऑफिसचा? 😄

जुना_डोंबिवलीकर :
अवांतर : जेम्स एस्डेल नावाच्या स्कॉटिश सर्जनने १८४५ साली हुगळीला मेस्मेरिझम (संमोहनाचं जुनं रूप) वापरून शस्त्रक्रिया केल्या, तेव्हा भूल देण्याचं औषधच नव्हतं. पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्याला रुग्णालयही दिलं सरकारने. बटाट्याच्या पलीकडे इतिहास आहे म्हटलं.

रोखठोक :
आणि क्लोरोफॉर्म आल्यावर ते मेस्मेरिझम कुठे गेलं तेही लिहा.

खिडकीपाशी :
अहो, एस्डेल राहू द्या!
माझेच केस. वय ३१. दहावीपासून करते, मधली काही वर्षं जवळजवळ बंद होतं. २२ दिवसांनी भावाचं लग्न आहे आणि करवली मीच. केस करायला बाई घरी येणार. आत्या, माम्या, वहिनीकडच्या बायका, सगळ्या त्याच खोलीत. ती वेणी सोडणार आणि सगळ्यांना दिसणार. टाळूच्या मागे उजवीकडे आधी दहा रुपयांच्या नाण्याएवढी जागा होती, आता तीन नाणी मावतील. काजळाची पेन्सिल फिरवून वरून क्लचर लावते. दहावीत आईने नखं कापून बोटांना कडुनिंबाचा रस लावला होता. तो चाटायचीही सवय लागली.

सावधचित्त :
मी मानसशास्त्रज्ञ आहे. इथून निदान करणार नाही, पण काही प्रश्न. हात नकळत जातो, की ठरवून एखादा केस शोधता? दिवसातली ठरावीक वेळ आहे का? केस तोंडात जातो का, आणि गिळला जातो का? शेवटचं लाजू नका, महत्त्वाचं आहे. गिळलेले केस पचत नाहीत, पोटात त्यांचा गोळा होऊ शकतो.

खिडकीपाशी :
दोन्ही. सुरुवात कळतच नाही. अंगठा आणि पहिलं बोट फिरत राहतं, मग एखादा जाड, खरखरीत केस लागतो. तो एकदा सापडला की सोडवत नाही. उपटल्यावर मुळाशी पांढरं असतं ते बघते, ओठावरून फिरवते, कधी दाताने चावते. गिळत नाही. हे पहिल्यांदाच कुणाला सांगतेय. रात्री जास्त.

गोधडी :
खिडकीपाशी, "खरखरीत केस" वाचून मी उठून पाणी पिऊन आले. अगदी तसंच. माझ्या पापण्या होत्या, ११ वर्षं.
मी संमोहन घेतलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही. मला उपयोग झाला तो सवय उलटवायच्या पद्धतीचा. हात वर जाताना पकडायचा, लगेच मूठ आवळायची, कोपर अंगाला चिकटवायचं आणि मिनिटभर तसंच बसायचं. ऐकायला बावळट वाटतं. पण आधी आठवडाभर नुसती नोंद केली, कुठे, किती वाजता, कुठला हात. तेव्हा कळलं की माझं सगळं आरशासमोर आणि फोनवर बोलताना चालायचं.

रोखठोक :
याला म्हणतात उपाय. १९७३ मध्ये ॲझ्रिन आणि नन यांनी मांडलेली पद्धत आहे ही. शिवाय एन-ॲसिटिलसिस्टीन नावाची गोळी आहे. २००९ मध्ये अमेरिकेत ५० जणांवर १२ आठवडे चाचणी झाली. गोळीवाल्यांत ५६ टक्क्यांना बराच फरक पडला, खोट्या गोळीवाल्यांत १६ टक्क्यांना. स्वस्त आहे, आजच सुरू करा.

सावधचित्त :
"आजच सुरू करा" नको. मुलांवर नंतर झालेल्या चाचणीत तसा फरक दिसला नाही. गोळीचं मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. खिडकीपाशी, बाकी काही औषधं चालू आहेत का?

खिडकीपाशी :
लोह आणि कॅल्शियम. अंगावर पाजतेय ना. बाळ आठ महिन्यांचं आहे.

पोहेवाला :
अहो, हे आत्ता सांगताय?

मधुमालती :
अगं, मग बाळंतपणात केस गळतातच! चौथ्या-पाचव्या महिन्यात सगळ्यांचे जातात. आळीव खा.

खिडकीपाशी :
मधुमालतीताई, घरात सगळ्यांना तेच वाटतं आणि मीही तेच सांगते. पण ते गळणं नाहीये. रात्री तीनदा उठते, खिडकीपाशी खुर्चीत बसून पाजते, डाव्या हातावर बाळ, दिवा लावत नाही. उजवा हात मोकळा. सकाळी खुर्चीखालचे केस सासूबाई उठायच्या आत ओल्या फडक्याने पुसून घेते.

सावधचित्त :
इतक्या प्रतिसादांत ही सगळ्यात कामाची माहिती. गोळीचा विषय डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद. बाळंतपणानंतर मन कसं आहे हेही त्यांना सांगा, झोप, रडू येणं, सगळं. रात्री-अपरात्री फारच जड झालं तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, सरकारी आणि फुकट.
संमोहनाबद्दल माझं मत : भोंदूगिरी नाही, जादूही नाही. केस उपटण्यावर त्याचा पुरावा म्हणजे बहुतेक एकेका रुग्णाच्या हकिकती आणि छोटे अभ्यास. पोटाच्या आयबीएसमध्ये (आतडी वरचेवर बिघडतात तो त्रास) त्याला यापेक्षा बरा आधार आहे. चांगला उपचारक तुम्हाला स्वस्थ करून सूचना देईल की हात खांद्याच्या वर गेला की जड वाटेल आणि तुम्हाला कळेल. म्हणजे गोधडीताई म्हणतात तेच, हात वर जाताना कळणं. घरी ऐकायला रेकॉर्डिंगही देतात. मुख्य उपचाराला जोड म्हणून घ्या. मात्र क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडेच, आणि आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक विचारून. खात्री देतो म्हणणाऱ्याला १८ हजार नको. आणि २२ दिवसांत हात आटोक्यात आला तरी केस तेवढ्यात वाढत नाहीत, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर.

जुना_डोंबिवलीकर :
म्हणजे संमोहनाचा उपयोग होतो, हेच मी म्हणत होतो.

वेणीफणी :
मी नवरी-करवलीचे केस करते, सातारला. ताई, लग्नाचा प्रश्न वेगळा आणि सवयीचा वेगळा, आधी लग्नाचा मिटवू. त्या बाईला आधीच फोन करून सांगा, "इथे जागा रिकामी आहे, केस वेगळ्या खोलीत करायचे." आम्हाला नवीन नसतं हो हे. चाई, कीमो, भाजलेलं, सगळं बघतो. भांग डावीकडून, अंबाडा खाली उजवीकडे, जागेवर आधी रंगाची पावडर आणि वरून मोगऱ्याचा भरगच्च गजरा. चुलत बहिणीलासुद्धा कळणार नाही. जागेवर क्लिपचे खोटे केस लावायचं म्हणाली तर नको म्हणा, आहे ते केस ओढले जातात.

गोधडी :
+१. शिवाय क्लिप टोचली की बोट तिथेच जाणार.
रात्रीसाठी : मोकळ्या हाताला काम द्या. मी वाकळीचा तुकडा धरायचे, त्याच्या टाक्यांवरून बोट फिरवायचं. खरखरीतच काहीतरी लागतं बोटाला.

खिडकीपाशी :
पॅकेजवाल्यांना नको म्हणून कळवलं. ते म्हणाले १२ हजारांत करू. 😐
एका सायकॉलॉजिस्टची गुरुवारची वेळ मिळालीय, संमोहनाचंही त्यांनाच विचारेन. वेणीफणीताई, केसवाल्या बाईंना फोन केला. त्या फक्त "बरं, मग अर्धा तास आधी येते" म्हणाल्या.
काल रात्री बाळाचं लोकरीचं टोपरं मुठीत धरून बसले. तीन वेळा मिळून १४ केस. कमी की जास्त माहीत नाही, आधी कधी मोजलेच नव्हते.