ड्रिल घ्यायचं ठरलंय, पण नेमकं कोणतं? आणि ठेवायचं कुठे?

अडगळ:
जुनं घर घेतलंय. आधीच्यांनी भिंतींना पाडलेली भोकं बुजवून झाली, आता माझी पाडायची आहेत. कामं एवढीच: पुस्तकांच्या चार फळ्या (दोन विटांच्या भिंतीवर, दोन काँक्रीटच्या), पडद्यांचे तीन दांडे, न्हाणीघराचं दार खाली घासतं ते तासायचं, आणि एक जुनं टेबल घासून पुन्हा पॉलिश करायचं.

नवरा म्हणतो, सगळं असलेली पेटीच घेऊन टाकू. ड्रिल, दोन बॅटऱ्या, ड्रिलला लावायची शंभर बिटं, पाने, हातोडी. मला ती पेटी बघूनच धडकी भरते. जागा म्हणाल तर बाल्कनीतलं एक कपाट, ज्यात पावसाचे शिंतोडे येतात, आणि पलंगाखालचा एक खण.

याआधी एकदा मागून आणलेल्या ड्रिलने काँक्रीटशी झटापट केली होती. दहा मिनिटं जीव खाऊन जोर लावला. बिटाचं टोक निळं पडलं आणि भिंतीला नुसती खळी पडली. भिंत एवढी गोड हसताना मी पहिल्यांदाच पाहिली. तर काय घेऊ, आणि काय घेऊ नको?

टेकू:
ते बिट लाकडासाठीचं किंवा लोखंडासाठीचं असणार. भिंतीच्या बिटाच्या टोकाला कार्बाइड या फार कठीण पदार्थाची वेगळी पात बसवलेली असते, टोक दांड्यापेक्षा किंचित रुंद दिसतं. ड्रिलवर हातोडीचं चित्र असलेलं बटण होतं का? ते लावलं होतं का? आणि राग मानू नका, पण ड्रिल उलटं तर फिरत नव्हतं ना? माझं फिरत होतं. अख्खी दुपार.

अर्धवट_सुतार:
ताई, पेटी घेऊ नका. मी घेतली होती. शंभरातली सहा बिटं वापरली. स्क्रूची टोकं इतकी मऊ होती की दुसऱ्या तिसऱ्या स्क्रूला गोल झाली.

तुमच्या यादीत अवघड काम एकच आहे, काँक्रीट. साध्या इंपॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरत टकटक करतात. मिनिटाला हजारो ठोके पडतात, पण एकेक ठोका हलका, आणि मागून रेटायचं तुमच्या खांद्याने. विटेला ते पुरतं. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या असतो, तो कोंडलेल्या हवेच्या दाबाने ठोका मारतो. ठोके कमी पण दमदार, तुम्ही फक्त धरून उभं राहायचं. त्याची बिटं वेगळी, खाचांच्या दांड्याची (एसडीएस-प्लस, दांडा १० मिमी), ती साध्या चकमध्ये (ड्रिलच्या तोंडाचा बिट पकडणारा भाग) बसत नाहीत. पण चार-सहा भोकांसाठी हे धूड विकत कशाला घ्यायचं? एका दिवसासाठी भाड्याने आणा. आदल्या दिवशी पेन्सिलीने सगळ्या खुणा करून ठेवा आणि काँक्रीटची सगळी भोकं एका बैठकीत उरका. मध्येच बिट अडून नुसतं किंचाळायला लागलं तर आत सळई लागली समजा. तिच्याशी भांडू नका, भोक थोडं सरकवा.

विकत घ्या ते बॅटरीचं, हॅमरची (वरच्या त्या टकटक ठोक्यांची) सोय असलेलं साधं ड्रिल. इथे मी दोन रात्री १८ व्होल्ट चांगलं की २० यात घालवल्या. दोन्ही एकच आहेत हो. आत पाच सेल, प्रत्येकी ३.६ व्होल्ट, म्हणून १८. पूर्ण चार्ज झाल्या झाल्या प्रत्येक सेल ४ च्या आसपास असतो, म्हणून खोक्यावर ‘२० व्होल्ट मॅक्स’. खरा विचार करायचा तो बॅटरीच्या घराण्याचा. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही. पहिली बॅटरी घेतलीत की तुम्ही त्या घरचे जावई झालात, पुढचा सँडर (लाकूड घासायचं यंत्र), पुढची जिगसॉ (यंत्राची करवत) तिथूनच. तेव्हा ड्रिल बघण्याआधी त्या बॅटरीवर आणखी काय काय चालतं ते बघा.

टेबलाला सँडर. कुणी ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावून द्या म्हणेल, ऐकू नका, लाकडात खड्डे पडतात. ८०, मग १२०, मग १८० नंबरचा पेपर (नंबर वाढेल तसा बारीक). त्याआधी टेबलाची कड निरखून बघा. वर विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेला असेल तर तो सहसा मिलिमीटरभरही जाड नसतो, ८० ने क्षणात पार होईल. पॉलिशऐवजी जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका. दाराला हातरंधा पुरे, बिजागऱ्यांवरून दार तसंही उतरवावंच लागणार.

आता ठेवणं. माझं पहिलं ड्रिल कामाने गेलं नाही, ठेवल्याने गेलं. फोमच्या ऐटबाज खोक्यात घालून बाल्कनीत ठेवलं. फोमने दमट हवा पिऊन घेतली आणि चकच्या जबड्यांवर तांबूस गंज चढला. बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत वापरून तशीच आत टाकली होती. आठ महिन्यांनी चार्जरला लावली तर लाल दिवा लुकलुकला, बस्स. रिकामी लिथियम बॅटरी पडून पडून आणखी खाली जाते, आणि फार खाली गेली की चार्जर तिला घरात घेत नाही.

म्हणून बाल्कनीचं कपाट विसरा, पलंगाखालचा खण घ्या. बॅटरी मशीनपासून काढून, साधारण अर्धी भरलेली ठेवा, काठोकाठ नको. स्क्रूच्या डब्यात तर मुळीच टाकू नका, दोन टोकांना खिळा आडवा लागला की शॉर्ट. काम झालं की ड्रिलच्या झरोक्यांतली धूळ ब्रशने काढा. सिमेंटची धूळ ओल धरते. चकला तेलाचं बोट पुसा, खणात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. आणि खण असा लावा की ड्रिल काढायला बाकी काही उपसावं लागणार नाही. नाहीतर काम झाल्यावर ते पंधरा दिवस टेबलावरच पडून राहतं, हे मी बायकोच्या वतीने सांगतोय.

वायरवाला:
बॅटरीचं एवढं कौतुक नको. वर्षातून चार भोकं पाडणाऱ्याने वायरचंच ड्रिल घ्यावं. पाच वर्षं पडून राहिलं तरी प्लग लावला की फिरतं. मोटरीतले कार्बन ब्रश झिजले तर बदलता येतात. फक्त वायर मशीनभोवती आवळून गुंडाळू नका, मुठीपाशी तुटते. एक्स्टेन्शन रीळवाली असेल तर जड मशीन लावताना पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते.

अडगळ:
दोघांचंही पटतंय, हीच पंचाईत. आणखी एक भीती: भिंतीत वीजवाहक तारा कुठून गेल्यात ते आधीच्या मालकांनाही आठवत नाही.

अर्धवट_सुतार:
वायरवाल्यांचं म्हणणं खोटं नाही, पण इथेच बॅटरी कामाला येते. घराचा मेन बंद करून भोक पाडता येतं. तारा सहसा बटणापासून सरळ वर किंवा खाली जातात, त्या पट्ट्यात जाऊच नका. पण जुन्या घरात कुणी काय करून ठेवलंय याचा नेम नाही, म्हणून तारा आणि धातू शोधणारं छोटं यंत्रही आणा. प्लॅस्टिकचे पाइप त्याला सापडतीलच असं नाही, तेव्हा नळाच्या वर-खालीही नको. चष्मा घाला, ओढणी आणि मोकळे केस बांधून घ्या, फिरत्या ड्रिलजवळ सैल हातमोजे नकोत.

अडगळ:
तीन आठवड्यांनी सांगायला आले. हॅमर एक दिवस आणला. काँक्रीटमधली आठ भोकं चाळीस मिनिटांत, त्यातली तीस मिनिटं पेन्सिलीच्या खुणा पुन्हा मोजण्यात. बिटावर, स्क्रूसाठी भोकात ठोकायच्या प्लगच्या लांबीइतकं अंतर सोडून रंगीत चिकटपट्टी गुंडाळली होती, म्हणजे किती आत गेलं ते कळत होतं. एका भोकात सळई लागली, दीड इंच सरकवलं, त्यामुळे एक फळी बाकीच्यांशी फटकून वागते. भोकाखाली कागदाचं पाकीट चिकटवून धूळ त्यात झेलली, ही माझी स्वतःची अक्कल.

ड्रिल बॅटरीचंच घेतलं. टेबलाला विनियर निघाला, म्हणून १२० पासूनच सुरुवात केली. नवऱ्याने शंभर बिटांचा डबा तरीही आणलाच, तो खणात सगळ्यात मागे आहे.

दार अजून घासतंय. उतरवलं होतं, पण कोणत्या बाजूने तासायचं याची खूण करायची राहिली, म्हणून परत बसवलं.