झड लागते तेव्हा घर कसं चालतं?

कोकणातल्या पावसाचे हिरवेगार फोटो पुष्कळ पाहायला मिळतात. मला ऐकायचं आहे ते आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हाच्या घराबद्दल. पुनर्वसू नक्षत्राचा तरणा पाऊस, मग पुष्याचा म्हातारा. पारा 24-25 अंशांच्या आसपास असतो, पण अंथरूण, भिंती, कपडे सगळंच दमट असलं की हुडहुडी भरते. तुमच्याकडे काय करतात, सविस्तर लिहा.

सुरुवात मीच करते. आमचं घर कुडाळ तालुक्यात. गॅस आला तरी पावसाळ्यात पडवीतली चूल आम्ही विझू देत नाही. आजी म्हणायची, ‘चूल इझव नको गो, घरात ओल शिरतली.’ चुलीच्या वर आडवे बांबू टांगलेत, त्यांवर नातवाची दुपटी वाळतात. त्याला जवळ घेतलं की धुराचा वास येतो, आणि मला तो फार आवडतो. काडेपेटी तांदळाच्या डब्यात, मिठाचं मडकं चुलीच्या उबेला. रात्री निखाऱ्यात आठळ्या पुरायच्या. कुळथाची पिठी, गरम भात आणि भाजलेला सुका बांगडा असला की दुसरं काही लागत नाही.

राजापूरहून

आमच्याकडे खरी काळजी कौलांची. मे महिन्यात घर शाकारून घेतो, पण वानरं एकदा छपरावरून गेली की कौलं सरकतात. भर पावसात शेवाळलेल्या छपरावर कुणालाही चढवत नाही. आतून काठीने कौल ढकलून जागेवर आणायचं, नाहीच बसलं तर खालून प्लॅस्टिकचा तुकडा सरकवायचा. तोवर परात, तपेली, टोप, जे हाताला येईल ते खाली.

आणखी एक. फणसाची फांदी तारांवर पडली की गाव अंधारात. अशा पावसात आमचा वायरमन खांबावर चढतो. त्याला गरम चहा दिल्याशिवाय आई जाऊ देत नाही. या माणसांबद्दल कुणीच लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

अलिबागजवळच्या कोळीवाड्यातून

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, त्यांच्यावर ताडपत्री. पुरुष ओट्यावर जाळी विणत बसतात, घर चालतं ते बायकांच्या सुक्या म्हावऱ्यावर. उन्हाळ्यात वाळवलेले बोंबील, जवळा, सोडे याच दिवसांसाठी. पण झड लागली की बोंबील मऊ पडतो, त्याला वास सुटतो. जराशी उघडीप मिळाली की आम्ही सगळं टाकून डबे अंगणात आणतो. पाऊस कधी परत येईल सांगता येत नाही, म्हणून एक जण राखणीला हवाच. सासूबाई ढगाचा रंग बघून ‘उचला’ म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही. मध्येच खाडीतल्या चिंबोऱ्या मिळाल्या तर त्या दिवशी घरात सण.

दापोलीहून

वर कपड्यांचं वाचलं, पण लावणीच्या दिवसांत कपडे वाळवतो कोण! सकाळी कालचेच ओले अंगावर चढवून शेतात. पहिला गारठा सोसला की वाकून काम करताना ऊब येते. हाल होतात ते पायांचे. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. आम्ही रात्री पाय कोरडे करून मेंदी लावतो. आणि पायाला जखम असताना चिखलात उतरला असाल, नंतर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर अंगावर काढू नका. लेप्टो (दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) असू शकतो. सरकारी दवाखान्यात लगेच जा.

पुण्याहून

आईवडील गुहागरला दोघंच असतात. इथे बसून पावसाच्या बातम्या पाहिल्या की झोप लागत नाही. तिथे राहणाऱ्यांनी सांगा, आधीपासून काय करून ठेवावं?

कुडाळहून पुन्हा

दादा, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी मेमध्येच करून द्या. रोजच्या गोळ्या महिनाभराच्या आणून ठेवा. गॅसचा दुसरा सिलिंडर भरलेला हवा, आणि सुकी लाकडं पडवीत, हाताशी. शेजारच्या दोन घरांचे नंबर तुमच्याकडे असू द्या. लाईट गेल्यावर काही तासांनी टॉवरही बंद पडतो, तेव्हा फोन लागला नाही तर लगेच घाबरू नका. रोज सकाळीच बोलून घेत जा, म्हणजे काही लागलं तर दिवसाउजेडी कुणाला तरी पाठवता येईल.