कविता राजाला सुनावण्यासाठीच असते का? 'शिजिंग'च्या प्रस्तावनेवरून

शाईदौत:
'शिजिंग' हा चीनचा सर्वांत जुना काव्यसंग्रह. त्यात ३०५ कविता आहेत: १६० प्रांतोप्रांतीची गीतं, १०५ दरबारी रचना आणि ४० पूजाविधींची स्तोत्रं. हान राजवटीच्या काळात (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) या संग्रहाच्या माओ पाठाला, म्हणजे माओ नावाच्या विद्वानांच्या परंपरेतून आलेल्या प्रतीला (हे माओ वेगळे, घाबरू नका) एक 'महाप्रस्तावना' जोडली गेली. तिचं म्हणणं असं की, वरच्यांनी कवितेतून खालच्यांना वळण लावावं आणि खालच्यांनी कवितेतूनच वरच्यांचे कान टोचावेत. टोचणाऱ्याला दोष नाही, ऐकणाऱ्याने सावध व्हावं. अट एकच, आडवळणाने बोलायचं. कवितेला समाजात इतकं नेमकं काम देणारा सिद्धांत मला दुसरा माहीत नाही. पटतंय का?

पानगळ:
अजिबात नाही. या सिद्धांताने कवितांचं काय केलं ते पहिल्याच कवितेत बघा. 'ग्वान ज्यू'मध्ये नदीतल्या बेटावर पक्षी साद घालताहेत, तरुणाला मुलगी हवी आहे, रात्रभर तो कूस बदलतोय. माओ पाठवाले सांगतात, विषय आहे राणीचं सद्गुणी वर्तन! पुढे बाराव्या शतकात झू शी या कन्फ्यूशियसपंथी विद्वानाने या प्रस्तावना बाजूला ठेवून मूळ कविता वाचायला घेतल्या, तेव्हा त्याला कित्येक गीतं सरळसरळ प्रेमाचीच दिसली. काम आधी ठरवलं की अर्थ ओढूनताणून आणावा लागतो.

तिसरा_प्रहर:
दोघेही कविता लिहिण्याबद्दल बोलताय. त्या काळी खरा उपयोग होता म्हणण्याचा. 'झुओझुआन' या जुन्या चिनी इतिहासग्रंथात इ.स.पू. ५४६ ची एक मेजवानी आहे. जिन राज्याचा मंत्री झाओ वू पाहुणा, आणि तो झंग राज्याच्या सात मानकऱ्यांना म्हणतो, एकेक कविता म्हणा, म्हणजे तुमच्या मनातलं कळेल. बो यू नेमकी अशी कविता निवडतो की जिच्यात 'ज्याच्यात चांगुलपणा नाही अशाला मी स्वामी मानतो' अशी ओळ आहे, तीही स्वतःच्या राजासमोर. झाओ वू तिथल्या तिथे विषय टाळतो, म्हणतो, शेजघरातल्या गोष्टी उंबऱ्याबाहेर नेऊ नयेत. नंतर खाजगीत सांगतो, हा मारला जाणार. तीन वर्षांत बो यू मारला गेला. कवितेचा मूळ अर्थ तिथे कुणी विचारत नव्हतं. हवा तेवढा तुकडा उचलायचा, प्रसंगाला चिकटवायचा. कन्फ्यूशियस उगाच म्हणत नाही की तीनशे कविता पाठ असून परराज्यात दूताचं काम करता येत नसेल तर त्या पाठांतराचा उपयोग काय.

शाईदौत:
म्हणजे सामाजिक काम होतंच की! आणि लिहिण्याबद्दलच बोलायचं तर तांग काळातला कवी बाय ज्यूयी घ्या. इ.स. ८०९ च्या त्याच्या पन्नास 'नव्या युएफू' (जुन्या लोकगीतांच्या वळणाच्या) कवितांमध्ये प्रत्येकीचं लक्ष्य एका ओळीत लिहिलेलं आहे. 'कोळसेवाला' वाचा. हजार जिनांहून (जिन हे वजनाचं माप) जड कोळशाची गाडी राजवाड्याची माणसं ओढून नेतात आणि बदल्यात बैलाच्या डोक्याला अर्धा ठाण तांबडं जाळीदार रेशीम व एक झांग (लांबीचं माप) तलम कापड बांधतात. या शेवटच्या ओळींत करुणेचं एक विशेषण नाही, फक्त मोबदला.

पानगळ:
कविता उत्तम, वादच नाही. पण त्याच बाय ज्यूयीने ८१५ मध्ये आपला कवीमित्र युआन झेनला लिहिलेलं पत्रही वाचा. चीनच्या थोर कवींपैकी एक असलेल्या दू फूच्या हजारावर कवितांतून त्याला आपल्या कसोटीला उतरणाऱ्या जेमतेम तीस-चाळीस सापडतात. दू फूच्या! अशी चाळण काय कामाची? शिवाय तो स्वतःच कुरकुरतो की लोकांना आवडतं ते त्याचं 'चिरंतन विरहगीत', टीकेच्या कविता नाहीत.

ओलावा:
'टोचणाऱ्याला दोष नाही' हे वाक्य सोंग काळातला कवी आणि सरकारी अधिकारी सू शी याला सांगायला हवं होतं. १०७९ मध्ये त्याला कवितांवरून पकडलं. एक ओळ अशी: 'शाओ संगीत ऐकून चव विसरलो असं नव्हे, तीन महिने जेवणात मीठच नाही.' कन्फ्यूशियस ते संगीत ऐकून तीन महिने मांसाची चव विसरला होता, त्याचा आधार घेऊन मिठाच्या सरकारी मक्तेदारीला चिमटा. प्रस्तावनेला हवं तसंच आडवळण! तरी सुमारे चार महिने कोठडी आणि मग ह्वांगजोऊला हद्दपारी. प्रत्येक गीतात राजकारण शोधायची सवय अभ्यासकांना लागली होती, तीच तपासनिसांच्या कामी आली. शाईदौत, तुमच्या सिद्धांताने कवीला ढाल दिली म्हणता, पण आरोपपत्र लिहिण्याची पद्धतही त्यानेच शिकवली.

तिसरा_प्रहर:
हे मान्य. फक्त एक भर: सू शीच्या बाबतीत आरोप करणारे आणि तो, दोघेही एकाच पोथ्या पाठ करून सरकारी नोकरीची परीक्षा पास झालेले. म्हणून तर त्यांना मीठ लगेच कळलं.