मदत हवी आहे: गाडी रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) चालतेय, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर गळतोय हे खात्रीने कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितोय. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, १.२ लिटर. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली, त्यामुळे तिच्यात जीव अडकलाय. दर पंधरवड्याला आईला तपासणीसाठी बांबोळीला हिच्यातूनच नेतो, म्हणून वाटेत दगा नको.

सकाळी थंड असताना फारशी तक्रार नसते. पण गरम गाडी दहा-पंधरा मिनिटं उभी केली की चार-पाचदा सेल्फ मारावा लागतो, आणि सुरू होताच काळ्या धुराचा लोट. रविवारी मासळी घेऊन बाजारातून परत आलो तेव्हा मागे उभ्या स्कूटरवाल्याने नाकाला रुमाल लावला. आयडलला (रेस न देता नुसती चालू असताना) थरथरते. अ‍ॅव्हरेज १६ वरून ११ वर आलंय.

चेक इंजिनचा दिवा आहे, कोड पी०१७२, म्हणजे मिश्रण रिच. गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदलला, एअर फिल्टर बदलला, फरक शून्य. आता म्हणतात चारही इंजेक्टर बदला. चारही का, हे कुणी सांगत नाही.

शेवटी ब्लूटूथ स्कॅनर घेतला आणि स्वतःच बघायला लागलो. इंजिन गरम असताना लाँग टर्म फ्युएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा, उणे म्हणजे कमी) आयडलला उणे १८, पण २५०० आरपीएमला धरून ठेवलं की उणे ६. कूलंटचं तापमान ८९ अंश दिसतं, तेव्हा तापमानाचा सेन्सर इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल मागत असेल असं वाटत नाही. इंजेक्टरचा रेझिस्टन्स मोजला, चारही १२ ते १३ ओहममध्ये. प्लग काढले: १, २ आणि ४ फिकट तपकिरी, ३ नंबर मात्र काळाकुट्ट, बोटाला काजळ लागावी तसा. ऑइल न घालताही डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेलीय, आणि पेट्रोलचा वास येतो.

रेझिस्टन्स बरोबर असताना इंजेक्टर खराब असू शकतो का? की ३ नंबरची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगी देणारी) बघू?

प्रतिसाद (म्हापसा)

दादा, तुम्ही अर्ध्याहून जास्त काम केलंय. रेझिस्टन्सने फक्त इंजेक्टरच्या आतली कॉइल कळते. सुई सीटवर नीट बसते की नाही, ते ओहममीटर सांगत नाही.

इग्निशन कॉइल गेली असती तरी प्लग काळा झाला असता. पण तेव्हा न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातो, ईसीयूला (गाडीच्या कॉम्प्युटरला) मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, वाटतं आणि ट्रिम अधिकमध्ये जातो. तुमचा उणे आहे. गळणारा थेंब कायम तेवढाच असतो. आयडलला एकूण पेट्रोलच कमी, म्हणून तिथे तो जास्त जाणवतो, रेस वाढवली की त्याचा वाटा घटतो. तुमचे १८ आणि ६ हेच सांगतायत. पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकला तरी आकडे असेच दिसू शकतात, पण मग एकच प्लग काळा होत नाही. तरी आयडलला त्याची नळी चिमटून ट्रिम बघा, दोन मिनिटांचं काम.

खात्री करायची तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. कॉइलचे आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढा, रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) इंजेक्टरसकट वर उचला, खाली कोरडा टिश्यू धरा आणि चावी फक्त ऑन करा. पंप काही सेकंद प्रेशर देईल. कनेक्टर नाहीत, म्हणजे एकही थेंब यायला नको. हे उघड्यावर, जवळ अग्निशामक ठेवून, माहितगार माणसासोबतच करा. पेट्रोल आहे ते.

आणि ते ऑइल आधी बदला! पातळ ऑइलवर बांबोळीपर्यंत पळवू नका, बेअरिंग जातील. शिवाय ऑइलमधली पेट्रोलची वाफ परत इंजिनात ओढली जाते, त्यानेही ट्रिम उणे दिसतो.

धागाकर्ता, चार दिवसांनी

मनापासून आभार. पर्जची नळी चिमटली, काही बदललं नाही. काल शेजारच्या मेस्त्रींना सोबत घेऊन अंगणात रेल उचलली. १, २, ४ कोरडे. ३ च्या टोकावर थेंब जमला, फुगला आणि टिश्यूवर पडला. पाच मिनिटांत रुपयाच्या नाण्याएवढा ओला डाग. मेस्त्री म्हणाले, "हाच तो."

तो एकच नवा घातला, चारही ओ-रिंग नव्या, ऑइल आणि फिल्टर बदलला, कोड पुसला. आज आईला बांबोळीला नेऊन आणलं. तिथे दीड तास उभी होती, परत निघताना पहिल्याच सेल्फला सुरू. आयडलला ट्रिम उणे २.

आता एकच काळजी राहिलीय. एवढे महिने रिच चालल्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा भाग) बिघडला असेल का? त्याच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज ०.६ ते ०.७ ला स्थिर दिसतो. हे चांगलं लक्षण आहे ना?