मदत हवी आहे: मिडी कीबोर्ड डेस्कटॉपला जोडलाय, पण पेटीचा स्वर उशिरा येतोय

नमस्कार मंडळी, नेरुळहून लिहितेय. घरी जुना डेस्कटॉप आहे, त्यावर लिनक्स मिंट २२ ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीय आणि ६१ कीजचा यूएसबी मिडी कीबोर्ड आहे, त्याला स्वतःचा आवाज नाही, स्पीकर नाही, नुसत्या कीज.

आमच्या सोसायटीतल्या बायकांचं भजनी मंडळ आहे, त्यात पेटी मी वाजवते. मंडळात खरी पेटीच वाजणार, ते काही बदलायचं नाहीये. पण रात्री जेवणं उरकून पेटी काढली की वरखालच्या घरांत लगेच ऐकू जातं, कुणाची लहान मुलं झोपलेली असतात, म्हणून हेडफोन लावून सराव करता यावा एवढंच. आणि दुसरं म्हणजे ज्या मुली नव्याने पेटी शिकतायत त्यांना चाली मिडी फाइलमध्ये वाजवून ठेवायच्यात, कारण मिडीत लय निम्मी केली तरी पट्टी तीच राहते आणि पट्टी बदलली तरी लय हलत नाही. आमच्यात कुणी काळी ४ ला गातं, वयस्कर काकू काळी २ च्या वर जात नाहीत, त्यामुळे हे फार उपयोगाचं आहे. रेकॉर्डिंग निम्म्यावर आणलं की आवाज फाटतो, मुलींना बारीक हरकती ऐकूच येत नाहीत.

मिडी फाइलमध्ये आवाज नसतो, कुठली की कधी दाबली, किती जोरात, कधी सोडली एवढीच नोंद असते, आवाज काढणारा सिंथ वेगळा लागतो, इथपर्यंत समजलंय. म्हणून क्यूसिंथ टाकलं (आत फ्लुइडसिंथ चालतं) आणि त्याला फ्लुइड आर-थ्री हा साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांच्या नमुन्यांची फाइल) दिला. जनरल मिडीच्या (मिडीतल्या वाद्यांची ठरलेली क्रमवार यादी) १२८ वाद्यांत पेटी नाहीच, सतार आहे १०५ वर, सनई ११२ वर, पण पेटी नाही! सगळ्यात जवळचं २१ नंबरचं रीड ऑर्गन वाटलं, ते लावलंय.

आता अडचणी. फाइल प्लेअरमध्ये फाइल लावली की वेळ पुढे सरकते पण आवाज काहीच नाही, आउटपुटला मिडी थ्रू १४:० असं दिसतं. कीबोर्डचं असं की टर्मिनलमध्ये एकनेक्ट कमांड देऊन क्यूसिंथला जोडला की वाजतो, पण मशीन बंद करून चालू केलं की जोडणी गेलेली असते. आणि खरा त्रास तिसरा, की दाबल्यावर स्वर मागून येतो. विलंबित चालीत कसंबसं निभावतं पण द्रुत गजर घेतला की हात आणि कान जुळतच नाहीत, बोटं आपोआप थांबायला लागतात, आणि तीच सवय खऱ्या पेटीवर गेली तर सगळं मंडळ मागे ओढलं जाईल ही मला मनापासून भीती आहे. क्यूसिंथमध्ये बफर (आवाज बाहेर पडण्याआधी साठतो ती जागा) साइज १०२४, बफर काउंट ४, सॅम्पल रेट ४८००० (सेकंदाला आवाजाचे तेवढे तुकडे), ऑडिओ ड्रायव्हर पल्सऑडिओ. हेडफोन वायरचाच आहे. वेगळं साउंड कार्ड घ्यावंच लागेल का? आषाढी जवळ आलीय, जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद (ठाण्याहून):

ताई, कार्ड आत्ताच घेऊ नका. १०२४ गुणिले ४ म्हणजे ४०९६ सॅम्पल, भागिले ४८०००, म्हणजे साधारण ८५ मिलिसेकंद नुसत्या बफरमध्येच अडकतात, द्रुत लयीत एवढं जाणवणारच. साइज २५६ आणि काउंट २ करा, साधारण ११ मिलिसेकंदांवर येईल. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे ११ मिलिसेकंद म्हणजे पेटी तुमच्यापासून पावणेचार मीटरवर ठेवल्यासारखं, एवढं कान सांभाळून घेतो. खरखर आली तर काउंट ३ करा. ड्रायव्हर पल्सऑडिओऐवजी पाइपवायर निवडा, मिंट २२ मध्ये आवाजाचं काम आधीपासून तेच बघतं, मधला एक टप्पा वाचतो.

आणि एक तपासणी आधी कराच. रीड ऑर्गन काढून १ नंबरचा पियानो लावा आणि तीच द्रुत ओळ वाजवा. पियानो वेळेवर आला आणि ऑर्गन मागे वाटला तर दोष बफरचा नाही, त्या साउंडफाँटमध्ये ऑर्गनचा स्वर हळूहळू भरत वर येतो, सुरुवात बोथट असते, कानाला ते उशिरा आल्यासारखंच वाटतं. मग पेटीचा वेगळा साउंडफाँट शोधायचा, बफरशी कितीही खेळून उपयोग नाही.

फाइल वाजत नाही कारण मिडी थ्रू हा नुसता पाइप आहे, आलेलं पुढे ढकलतो, पुढे कुणी जोडलेलं नसेल तर सगळं हवेत. प्लेअरच्या आउटपुटला फ्लुइडसिंथ निवडा, बहुतेक १२८:० दिसेल. पण नंबरावर विसंबू नका, प्रोग्राम उघडायच्या क्रमाने तो बदलतो, नावानेच जोडा. कायमच्या जोडणीसाठी क्यूपीडब्ल्यूग्राफ हा जोडण्या दाखवणारा प्रोग्राम टाका, कीबोर्डपासून सिंथपर्यंत माउसने रेघ ओढा, पॅचबे (म्हणजे या जोडण्यांची नोंद) सेव्ह करून ॲक्टिव्हेट करा आणि क्यूसिंथ नि हे दोन्ही स्टार्टअपला लावा. लय आणि पट्टी बदलायला ड्रमस्टिकचा मिडी फाइल प्लेअर बघा, दोन्ही त्यात आहे.

धागाकर्ती:

खूप खूप आभार दादा! २५६ आणि २ वर खरखर नाही, पियानो अगदी बोटाबरोबर येतो. ऑर्गन मात्र अजून किंचित मागे, म्हणजे तुम्ही म्हणालात तेच, साउंडफाँट. फाइलही वाजली. आता फक्त भात्याचं सांगा, पेटीत की जोरात दाबली म्हणून स्वर मोठा होत नाही, जोर भात्याचा, इथे मात्र बोटाच्या जोरावर आवाज कमीजास्त होतो.

प्रतिसाद (ठाण्याहून):

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये व्हेलॉसिटी कर्व्ह (बोटाच्या जोरावर आवाज किती बदलायचा ते) असेल तर फिक्स्ड करा, १०० ठेवा. आणि भात्यासाठी एक्स्प्रेशन पेडल (पायाने आवाज कमीजास्त करायचं), कंट्रोलर नंबर ११ वर, मिडीत आवाजाच्या चढउताराचा नंबर तोच. पेडल नसेल तर मॉड व्हीलला (कीबोर्डवरचं फिरवायचं चाक) ११ नंबर देता येतो का बघा, बऱ्याच कीबोर्डवर देता येतो, आणि ते असतंही डाव्या हाताला, जिथे तुमचा भाता असायचा.